मधल्या चोराजवळची चांदणी

सन १९३१. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि आमच्या गावचे जोशीबुवा मरून बारा वर्षं झाली होती.

हे चुकून लिहिलेलं नाही. मराठी तिसरीतून बापानं मला उठवलं आणि ढोरांमागं लावलं, त्यामुळं काना-मात्रा इकडंतिकडं होत असेल. पण बुवा मेले होते हे लिहिताना माझा हात चुकलेला नाही. मेलेले बुवा रोज दिवेलागणीला आपल्या घराच्या ओट्यावर येऊन बसत, सुपारी कातरत आणि उत्तरेकडं तोंड करून आभाळाकडं बघत. लहान पोरं त्या गल्लीतून पळत जात. मोठी माणसं पळत नसत, पण पाय उचलत.

जानवं डाव्या खांद्यावरून घालतात. पितरांचं काम असलं म्हणजे तेवढ्यापुरतं उजव्या खांद्यावर घेतात. बुवांचं जानवं बारा महिने उजव्या खांद्यावर. कपाळाला गंध नाही. जेवायला बसत ते दक्षिणेकडं तोंड करून. आपल्या पानातला घास कावळ्याला कधी काढून ठेवत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "कावळ्यानं कावळ्याला काय वाढायचं?"

रामराम घातला तर उत्तर नाही. फारच लहर लागली तर म्हणत, "कोणाला घातला रे? इथं जो होता तो गेला." स्वतःबद्दल बोलायचं झालं तर सगळं 'होता' आणि 'खायचा'. "जोशी भाकरीबरोबर ठेचा खायचा," असं सांगत आणि तेव्हा हातात ठेचा-भाकरीच असायची. बोलताना समोरच्याकडं बघत नसत. मेलेला माणूस जिवंताच्या डोळ्यात बघत नाही, असं आम्ही आपलं समजून घेतलं होतं.

त्याच वर्षी शिरगणती झाली. पिंपळगाव राजाहून एक मास्तर वही घेऊन आमच्या गावात आले. दारादारांवर गेरूनं आकडे टाकत टाकत बुवांच्या दाराशी पोचले.

"घरात माणसं किती?"

"एक," बुवा म्हणाले. "ती आत चुलीपाशी आहे."

"आणि आपण?"

"माझी नोंद मागंच निघाली."

मास्तर हसले. मग बुवांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि हसायचे थांबले. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पण त्या घरचं पाणीसुद्धा न पिता ते निघाले आणि पुढच्या दारावर आकडा टाकायला विसरले.

चुलीपाशी जी होती ती बुवांची बायको. तिला आम्ही काकू म्हणत असू. नवरा मेला म्हणून तिनं कुंकू पुसलं होतं. पण केस उतरायला न्हावी आला तेव्हा, "आधी मडं दाखव, मग वस्तरा काढ," म्हणून तिनं त्याला दारातूनच लावून दिलं. हातात हिरव्या बांगड्या असत, पदराखाली. माझ्या मायनं एकदा विचारलं तर म्हणाली, "कुंकू त्यांच्यासाठी पुसलं वो. बांगड्या माझ्यासाठी ठेवल्या."

बुवा असे कशानं झाले, याबद्दल गावात दोन मतं होती. काही म्हणत, मंत्र उलटला. काही म्हणत, माणूस फार शिकला की असंच होतं. मी दुसऱ्या मताचा होतो.

आता त्या चांदणीचं सांगतो. उत्तरेकडं आभाळात सात चांदण्या असतात. शिकलेले त्यांना सप्तर्षी म्हणतात, आमच्यात बाज म्हणतात. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार खुरे, आणि मागं ओळीनं येतात ते तीन चोर. मधल्या चोराच्या खांद्याशी एक बारीक, राईच्या दाण्याएवढी चांदणी असते. तीच अरुंधती. लग्नात नवरीला अंगणात नेऊन दाखवतात ती. आणि जुनं सांगणं असं की ज्याला ती दिसायची बंद झाली त्याचे सहा महिने उरले.

बुवा ओट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवत. कातरता अडकित्ता तसाच हातात धरून बोट वर करत आणि विचारत, "मधल्या चोराजवळ दिसते का रे?"

दिसते म्हटलं की एक मोठा श्वास घेत आणि पुन्हा सुपारी कातरू लागत. दिसत नाही म्हटलं तर आवाज न चढवता, वाणी पुडी बांधून देतो तसं म्हणत, "मग आवरून घ्या."

मला माहीत असलेल्या तिघांना त्यांनी तसं सांगितलं. तिघंही सहा महिन्यांत गेले. तिसरा माझा सख्खा काका. पहिलवान माणूस, साठीतसुद्धा दोन मणाचं पोतं उचलायचा. बुवांनी 'आवरून घ्या' म्हटल्यावर काकानं शेत पोरांच्या नावावर केलं, तेराव्याला काय जेवण करायचं ते सांगितलं, आणि भाकरी अर्ध्यावर आणली, मग चतकोरावर. पुढं नुसतं ताक. बरोबर सहाव्या महिन्यात गेला. गाव म्हणालं, बुवांचं बोलणं फिरत नाही. मी म्हटलं, ताकावर बैलसुद्धा सहा महिने जगणार नाही, त्यात चांदणीनं काय केलं? माझं कोणी ऐकलं नाही. माझं ऐकायची आमच्या गावात पद्धतच नव्हती.

मी दिवाळीपासून होळीपर्यंत खामगावला जिनात, कापसातली सरकी काढायच्या रेच्यावर असायचो, कापसाच्या हंगामापुरता. त्या वर्षी फाल्गुनात घरी आलो तर माय कोठीच्या खोलीत बसून पितळेची भांडी वेगळी काढत होती. बायकोच्या अंगावर मायचं ठेवणीतलं लुगडं.

"काय करून राह्यली माय?"

"आवरून राह्यली," माय म्हणाली.

बायकोनं सगळं सांगितलं. माघात पाटलाकडं लग्न झालं, नवरीला चांदणी दाखवायला बायका अंगणात गेल्या, माय पण गेली. सगळ्यांना दिसली, मायला दिसली नाही. घरी येताना तिनं बुवांना सांगितलं. बुवा म्हणाले, आवरून घ्या. त्या दिवसापासून माय मीठ खात नव्हती. एकच वेळ जेवत होती. श्रावणापर्यंतचा हिशेब तिनं मनाशी पक्का केला होता.

"माय, हे सारं खोटं हाये."

"तुह्या काकाच्या बखतही तू असाच बोलला होता, बाबू."

मी तसाच उठलो आणि बुवांच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो. दिवे लागले होते. आभाळात बाज वर येत होती.

"बुवा, माझ्या मायले काय सांगतलं तुम्ही?"

"काही नाही. तिनं दिसत नाही म्हटलं. मी आवरून घ्या म्हटलं."

"अन् तुम्हाले दिसते काय ते चांदणी?"

अडकित्ता थांबला. आत काकूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"जोशाला बारा वर्षांमागं दिसायची बंद झाली."

"मग तुम्ही मेले काऊन नाई?"

बुवांनी तोंड वळवलं. पण माझ्याकडं नाही. माझ्या खांद्यामागं कोणीतरी उभं असावं तसं तिकडं.

"कोण म्हणतं मेलो नाही?"

मी मागं वळून बघितलं. कोणी नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांमागं एका लग्नात त्यांनी नवरीला अंगणात आणलं, बोट वर केलं, "ती बघ अरुंधती," म्हणाले, आणि त्यांना स्वतःला तीन चोरांच्या जागी नुसता धूर दिसला. नवरी म्हणाली, दिसली. बुवांनी घरी येऊन पंचांगात सहा महिने मोजले. शेवटच्या दिवशी अंगण सारवून घेतलं, जमिनीवर घोंगडी टाकली, तोंडात तुळशीचं पान धरून आडवे झाले.

"आणि पहाटे कोंबडा आरवला," बुवा म्हणाले. "मी म्हटलं, म्हणजे मेल्यावरही कोंबडा आरवतो. उजाडलं, पण स्वच्छ नाही, राखेसारखं. पुढं पुढं तर सारखीच राख. बायको हाका मारत होती, पण तिचं तोंड नव्हतं. कोणालाच तोंड नव्हतं. शास्त्र खोटं कसं असेल? मग मीच खोटा."

काकू दिवा घेऊन दारात आली होती. मी तिच्या हातातून दिवा घेतला आणि बुवांच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी पापणी हलवली नाही. दोन्ही बुबुळांत भिजलेल्या साबुदाण्याचा एकेक दाणा बसवावा तसं पांढरं. बारा वर्षं आम्ही त्यांच्या डोळ्यात बघितलं नव्हतं, भीतीनं. बघितलं असतं तर मला, तिसरी शिकलेल्याला, कळलं असतं. माझ्यासोबत रेच्यावर काम करणाऱ्याच्या बापाला हेच झालं होतं, आणि खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरनं ते काढलं होतं.

"बुवा, हा मोतीबिंदू हाये."

"मेलेल्याला मोतीबिंदू होत नाही," बुवा म्हणाले.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी तिला पटेल. माय शांतपणे ऐकत राहिली.

"मंग तर खरंच निंघालं," ती म्हणाली. "बुवालेही चांदणी नाई दिसली, अन् बुवा गेलेच नं."

"अवं, ते सुपारी खाऊन राह्यले ओट्यावर बसून!"

"त्याईले इचार, ते काय म्हणतात."

माझं टाळकं फिरलं. तिला म्हटलं, खामगावला चल, डोळे दाखव. ती म्हणाली, मरत्या माणसाच्या डोळ्यात सुई कायले? मी म्हटलं, अन् बुवाले दिसू लागलं तर? मधल्या चोराजवळची चांदणी बुवानं सांगितली तर?

मायनं हातातलं पितळेचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तर जुंपजो गाडी."

म्हणजे आता मायला जगवायचं तर आधी मेलेल्याला दवाखान्यात न्यायचं होतं. चार दिवस मी बुवांच्या ओट्यावर डोकं आपटलं. विनवण्या केल्या, भांडलो, एकदा तर शिवीही दिली. बुवांचं एकच, "त्या जोशाला विचार, तो नाही." पाचव्या दिवशी बैलांना पाणी पाजताना मला सुचलं. मी तसाच ओल्या हातानं गेलो.

"बुवा, तुम्ही मेलेले हा नं?"

"हो."

"मंग मड्याले इच्छा असते काय? चौघं नेतील तिकडं मडं जाते. मी नेऊन राह्यलो. तुम्ही नाई म्हणणारे कोण?"

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. शास्त्रात याला उत्तर नसावं. आतून काकूचा आवाज आला, बारा वर्षांत इतका मोठा आवाज तिचा कोणी ऐकला नव्हता. "न्या रे बापा! मडं तरी घरात किती दिवस ठेवायचं माणसानं?"

दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या दोन चुलतभावांनी बुवांना उचलून गाडीत ठेवलं. त्यांनी अंग ताठ केलं होतं. पाय पुढं, डोकं मागं, अंगावर पांढरं धोतर. आठ कोस ते बोलले नाहीत, पाणी मागितलं नाही, माशी नाकावर बसली तरी हात उचलला नाही. काकू शेजारी बसली होती. पिंपळगाव राजाच्या वेशीवर बाया डोक्यावरची पाण्याची गुंडं उतरवून बाजूला झाल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"कोन गेलं, बाबू?"

"आमचे जोशीबुवा."

"अरेरे! कधी?"

"बारा सालं झाले," मी म्हटलं आणि बैल हाकले. म्हातारा वळणापर्यंत टोपी हातात घेऊन उभा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे बघितले. उशीर झाला आहे, म्हणाले. उजव्याची आशा नाही, डावा करून बघू. थेंब टाकून डोळा बधिर केला आणि पिकलेला मोतीबिंदू काढला. माणूस एरवी ओरडतो, मान हलवतो. त्याला दोघं धरून ठेवतात. बुवांना कोणी धरलं नाही. नंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि दहा दिवस उताणं पडायचं. खोकायचं नाही, कूस बदलायची नाही. हललं की डोळा गेला. त्या लांब खोलीत आठ खाटा होत्या आणि आठही खाटांवर पट्ट्या बांधलेली माणसं. बाकीचे सात कण्हत, खाजवत, भांडत. बुवा तसेच. रात्रपाळीच्या बाईनं दोनदा त्यांच्या नाकाशी सूत धरून बघितलं.

डॉक्टर मला म्हणाले, "असा पेशंट मी पाहिला नाही. याला कोणी शिकवलं?"

"बारा वर्षांचा सराव हाये जी," मी म्हटलं.

पट्टी सोडली तेव्हा बुवा पहिल्यांदा बोलले. "निळं आहे," म्हणाले. चुन्याची भिंत निळी, चादर निळी, समोर उभा निळा माणूस. डॉक्टरांना त्यांनी हात जोडून विचारलं, "महाराज, यमाची कचेरी हीच काय?" डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू निघालेल्या डोळ्याला काही दिवस असं निळसर दिसतं. महिना-सव्वामहिन्यानं बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. तो लावल्यावर बुवांनी पहिल्यांदा काकूकडं बघितलं. बघतच राहिले. मग म्हणाले, "ही कोण म्हातारी?"

"तुमचीच," काकू म्हणाली. "इतक्या दिवसांत दुसरी कोण येणार होती?"

तोवर वैशाख लागला होता. मी मधूनमधून घरी चक्कर टाकत होतो; माय ताकावर आली होती. हात लावला की मनगटाचं हाड लागायचं. ती स्वतःहून काही विचारत नव्हती, मीही सांगत नव्हतो. चष्मा लावलेल्या बुवांना घेऊन गावात परतलो त्याच संध्याकाळी मी तिला पाठीवर घेतलं आणि बुवांच्या ओट्यापाशी नेऊन बसवलं. सगळं गाव जमलं होतं, पण ओट्यापासून दहा हात लांब.

अंधार पडला. बाज डोक्यावर आली. बुवा काठी टेकत अंगणात उतरले. त्यांनी मान वर केली आणि सवयीनं बोट उचललं. बोट नेहमीच्या जागी गेलं. थांबलं. मग अगदी हळू, करंगळीभर, डावीकडं सरकलं.

माय माझं मनगट धरून होती.

बुवांनी हात खाली घेतला. काठी काकूच्या हातात दिली. दोन्ही हातांनी जानवं गळ्यात माळेसारखं केलं, उजव्या खांद्यावरचं डाव्या खांद्यावर घेतलं, आणि पोटावरून नीट सरळ केलं. गर्दीतून एक बाई हुंदका देऊन रडली.

"दिसली का जी बुवा?" माय म्हणाली. तिला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

"आहे," बुवा म्हणाले. "होती तिथंच आहे."

ते पायरीवर बसले. आम्हाला वाटलं, आता हसतील. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडं बघितलं. खरोखर माझ्याकडं, पहिल्यांदा. भिंगामागं तो एक डोळा बैलाच्या डोळ्याएवढा दिसत होता.

"तुझा काका," ते म्हणाले. "त्याच्या डोळ्यातही असंच होतं काय रे? पांढरं?"

मला आठवलं. काका दोन वर्षं म्हणत होता, सकाळी धुकं लय पडते. आमच्याकडं उन्हाळ्यात कुठलं धुकं? मी खोटं बोलू शकलो असतो. माझ्या हट्टी जिभेला ते जमलं नाही.

"हाव जी," मी म्हटलं.

"आणि ती आधीची दोघं?"

बुवांनी पुन्हा वर बघितलं नाही. ते उठून आत गेले. लोक एकेक करून पांगले. परत पाठीवर घेताना माय माझ्या कानाशी म्हणाली, "बाबू, सकाळी गाडी जुंप. अन् सुनेले सांग, भाजीत मीठ टाकजो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बैल जुंपले. माय गाडीत आडवी व्हायला गेली. मी म्हटलं, आडवं नाई, बसून चाल. पाठीशी कडब्याच्या पेंढ्या लावून तिला बसवलं आणि गाडी काढली.

बुवांच्या घरासमोर आलो तर ते ओट्यावर दक्षिणेकडं तोंड करून बसले होते आणि जानवं पुन्हा उजव्या खांद्यावर. मी बैलांची चाल हळू केली. मग समोर तांब्याचं ताम्हण दिसलं, काळे तीळ दिसले. ते एक नाव घेत होते आणि अंगठ्यावरून पाणी सोडत होते. दुसरं नाव घेतलं, पाणी सोडलं. दारात काकू उभी होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिसऱ्या वेळी बुवांनी माझ्या काकाचं नाव घेतलं, आणि त्यांचा हात तसाच राहिला, पाणी सुटेना.

मी कासरा ओढला.

"काऊन थांबला रे?" माय म्हणाली.

"काकाले पाणी देऊन येतो, माय."

मी उतरलो, ओट्यावर चढलो आणि बुवांच्या हाताखाली माझी ओंजळ धरली. त्यांनी तीळ टाकले, पाणी टाकलं. काकाचं नाव मी मोठ्यानं घेतलं. ओंजळ रिकामी केली, हात धोतराला पुसले, आणि येऊन बैल खामगावकडं हाकले.